साहेबाविरुद्ध तक्रार कुठे करायची? जोयड्याच्या नोकरदारांसाठी कायद्याची वाट

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका गोव्याच्या सीमेला लागून आहे. रामनगर, कॅसलरॉक, अनमोड या पट्ट्यातील तरुण-तरुणी घाट उतरून गोव्यात हॉटेलांत, कारखान्यांत, दुकानांत आणि घरकामाला येतात. दुसरीकडे काळी नदीच्या काठी गणेशगुडी परिसरात उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांनी व होमस्टेंनी स्थानिकांना गावाजवळच काम दिले असून तेथे उतरणाऱ्या पर्यटकांत गोमंतकीयांचाही भरणा असतो. सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव आणि त्याभोवतीची शेती बुडाली. विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन रामनगरला झाले. तालुक्याच्या मोठ्या भागावर काळी व्याघ्र प्रकल्पाचे निर्बंध आहेत. अशा ठिकाणी महिन्याच्या पगाराची नोकरी मिळणे कठीण आणि मिळालेली सोडणे त्याहून कठीण असते.

नेमकी हीच अडचण जाच करणाऱ्या वरिष्ठाच्या पथ्यावर पडते. कामाच्या पाळ्या तोच ठरवतो, रजा तोच मंजूर करतो, पगारवाढीची शिफारसही त्याच्याच हाती असते. त्यामुळे ‘साहेबाविरुद्ध साहेबाकडेच कसे जायचे’ असा प्रश्न पडून बहुतेक जण गप्प राहतात किंवा एके दिवशी कामावर जाणेच बंद करतात. तक्रार ऐकणारी यंत्रणा मात्र कायद्याने त्या साहेबाच्या हाताबाहेर ठेवली आहे. गाऱ्हाणे कोणत्या स्वरूपाचे आहे, त्यावर कोणत्या दारी जायचे हे ठरते. आणि काही दारे ठरावीक मुदतीनंतर बंद होतात.

जाचाचे दोन प्रकार

वरिष्ठाची वागणूक लैंगिक स्वरूपाची आहे की नाही, हा पहिला प्रश्न. असेल तर ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३’ लागू होतो. ‘पॉश’ या नावाने तो ओळखला जातो. राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निवाड्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांना कायद्याचे रूप मिळायला सोळा वर्षे लागली आणि ९ डिसेंबर २०१३ पासून हा कायदा अमलात आला.

नको असलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरेबाजी, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखवणे आणि शब्दांतून, हावभावांतून किंवा कृतीतून होणारे अन्य लैंगिक वर्तन हे सारे या कायद्याच्या व्याख्येत येते. व्यवस्थापकाच्या संदर्भात कायद्याचे तिसरे कलम विशेष महत्त्वाचे आहे. अशा वर्तनाच्या जोडीने नोकरीत झुकते माप देण्याचे आमिष, त्रास देण्याची धमकी, नोकरी जाण्याची भीती, कामात अडथळे आणणे किंवा अपमानास्पद वागणूक असेल, तर तोही लैंगिक छळ ठरतो. ‘रात्रीच्या पाळीला थांबलीस तर कायम करतो’ हे वाक्य म्हणूनच केवळ असभ्य ठरत नाही. ते या कलमाच्या कक्षेत येऊ शकते.

हंगामी, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेल्या, प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणाऱ्या महिलाही या कायद्याच्या संरक्षणात आहेत. घरकाम करणाऱ्या महिलांचा तर त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. कामाच्या जागेची व्याख्याही चार भिंतींपुरती नाही. कामानिमित्त जावे लागलेले ठिकाण आणि मालकाने पुरवलेली प्रवासाची गाडीही त्यात येते. कामगारांना पोहोचवणाऱ्या मिनीबसमधील किंवा पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या जीपमधील प्रकार ‘हॉटेलाबाहेर घडला’ म्हणून झटकून टाकता येत नाही.

दहाचा आकडा

दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. समितीच्या अध्यक्षपदी त्याच आस्थापनातील वरिष्ठ महिला हवी, निम्म्याहून कमी महिला सदस्य असता कामा नयेत आणि एक सदस्य बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेचा किंवा या विषयाची जाण असलेला असावा. समितीच नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दुप्पट शिक्षा आणि व्यवसायाचा परवाना रद्द करण्याचीही तरतूद आहे.

जोयड्यातील अनेक होमस्टे आणि लहान खानावळींत मात्र दहा माणसे नसतात. कुठे पाच, कुठे सहा, आणि मालक तोच व्यवस्थापक. अशा ठिकाणी अंतर्गत समिती नसते. म्हणून जिथे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. उत्तर कन्नडच्या बाबतीत तिचे क्षेत्र कारवार मुख्यालय असलेला संपूर्ण जिल्हा होय.

एखाद्या मुलीने अणशी घाट उतरून कारवार गाठायचे, तेही रजेची परवानगी त्याच साहेबाकडे मागून, हे किती अवघड आहे याची कल्पना कायदा करणाऱ्यांना होती. त्यामुळेच सहाव्या कलमात ग्रामीण आणि आदिवासी भागातील प्रत्येक गट व तालुक्यासाठी एक समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. जिल्हा अधिकाऱ्याने ही नेमणूक करायची, समन्वय अधिकाऱ्याने तक्रार स्वीकारायची आणि सात दिवसांच्या आत ती स्थानिक समितीकडे पाठवायची, असा हा क्रम आहे.

या तरतुदीची अंमलबजावणी देशभर रखडल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्व राज्यांना मुदती घालून दिल्या: जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत नेमावेत आणि स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन कराव्यात. तालुका पातळीवरील समन्वय अधिकाऱ्यांच्या नेमणुकांचाही त्या आदेशात समावेश होता. त्यामुळे तालुका कार्यालयात जाऊन ‘पॉश कायद्याखालील समन्वय अधिकारी कोण?’ असे विचारणे हा कोणाही नागरिकाचा रास्त प्रश्न आहे. तो लेखी विचारला तर उत्तरही लेखी मागता येते. याशिवाय केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित समितीकडे वर्ग होते.

घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे

जोयड्याची मुलगी गोव्यातील हॉटेलात काम करत असेल तर तक्रार कुठे? नियम सोपा आहे. घर कुठे आहे यावर काही ठरत नाही. कामाची जागा ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याची स्थानिक समिती. आस्थापनात अंतर्गत समिती असेल तर तक्रार तिच्याकडे. त्यामुळे गोव्यातील मालकाविरुद्धची तक्रार गोव्यातील समितीपुढे चालेल आणि गणेशगुडीच्या रिसॉर्टातील तक्रार उत्तर कन्नडमध्ये, मग त्या रिसॉर्टाचा मालक गोमंतकीय असला तरीही.

पोलीस तक्रारीचे मात्र तसे नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७५व्या कलमाखाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. म्हणजे गोव्यात घडलेल्या प्रकाराची नोंद रामनगरच्या ठाण्यातही होऊ शकते. पुढे ती संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण सांगून परत पाठवण्याची मुभा पोलिसांना नाही. समितीकडील तक्रार आणि पोलिसांकडील फिर्याद या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, आणि फिर्याद नोंदवायची असेल तर मालकाने त्यासाठी साहाय्य केले पाहिजे, असेही पॉश कायदा सांगतो.

तीन महिन्यांची मुदत

समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजले जातात. वेळेत येता न येण्यामागे सबळ कारण असल्याची खात्री पटली, तर समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. नोकरी सोडली म्हणून हा हक्क जात नाही, कारण कायद्याच्या व्याख्येतील पीडित महिला नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही. लिहिता येत नसेल तर तक्रार लेखी स्वरूपात आणण्यासाठी समितीने मदत करायची आहे. भाषेच्या भीतीने अडून राहण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

तक्रारीत तारीख, वेळ, जागा, नेमके काय बोलले किंवा केले गेले आणि तेव्हा जवळ कोण होते, एवढे असले तरी पुष्कळ झाले. नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती, जवळचे पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. म्हणूनच तक्रार करायची की नाही हे ठरण्याआधीपासून टिपण ठेवणे शहाणपणाचे. साध्या वहीत त्या-त्या दिवशी लिहिलेल्या चार ओळी सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या हकिकतीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात. व्हॉट्सॲपवरील संदेश पुसू नयेत. त्यांची प्रत मालकाने दिलेल्या फोनवर न ठेवता स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या फोनवर ठेवावी. नकार दिल्यानंतर अचानक बदललेला पाळ्यांचा तक्ता, नाकारलेली रजा, कापलेला पगार यांचे कागदही जपावेत. जाचाला साक्षीदार क्वचितच असतो. सूडबुद्धीच्या खुणा मात्र बहुधा कागदावर उमटलेल्या असतात.

चौकशीच्या काळात

तक्रार केल्यावर रोज त्याच साहेबासमोर उभे राहायचे, ही सर्वांत मोठी धास्ती. त्यावर कायद्यात अंतरिम दिलाशाची सोय आहे. तक्रारदार महिलेने लेखी मागणी केल्यास समिती तिची किंवा त्या वरिष्ठाची बदली सुचवू शकते आणि तिला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. तिच्या कामाचा अहवाल लिहिण्यास त्या वरिष्ठाला मनाई करून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याचीही तरतूद नियमांत आहे. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते.

चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत मालकाला आणि दोन्ही पक्षांना मिळायला हवा, आणि शिफारशींवर ६० दिवसांत कारवाई व्हायला हवी. दोन्ही बाजूंना वकील उभा करता येत नाही. तक्रारदाराचे नाव-पत्ता किंवा चौकशीतील माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. महिलेची इच्छा असेल तर चौकशीपूर्वी समेट घडवता येतो, पण पैशाची देवघेव हा त्या समेटाचा पाया असू शकत नाही. ‘चार पैसे घे आणि विषय मिटव’ हा गावपातळीवर ऐकू येणारा सल्ला या चौकटीत बसत नाही.

खोटी तक्रार मुद्दाम केल्याचे चौकशीत सिद्ध झाले तर कारवाई होऊ शकते. तथापि केवळ तक्रार शाबीत करता आली नाही किंवा पुरावा अपुरा पडला, म्हणून ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच स्पष्ट केले आहे.

घाईची चौकशी कोणाच्याच कामाची नाही

चौकशी कशी नसावी, याचा धडा गोव्यानेच देशाला दिला आहे. गोवा विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका विभागप्रमुखाची चौकशी झाली. समितीने काही दिवसांतच लागोपाठ बैठका घेऊन काम आटोपले, अखेरच्या टप्प्यात ती एकतर्फी झाली आणि त्या अहवालावरून प्राध्यापकाला सेवेतून काढण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०१२ मध्ये ही कारवाई कायम ठेवली. १२ मे २०२३ रोजी ‘ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली. बाजू मांडण्याची पुरेशी संधी न दिल्याने नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले नाही, असे सांगून न्यायालयाने प्रकरण पुन्हा चौकशीसाठी समितीकडे पाठवले. आरोप खरे की खोटे, यावर तो निकाल नव्हता.

या चौदा वर्षांत कोणाचे भले झाले? तक्रारदार विद्यार्थिनींना अंतिम न्याय मिळाला नाही आणि प्राध्यापकाच्या डोक्यावरील आरोपाचा निवाडाही झाला नाही. त्याच निकालात न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना समित्या खरोखर अस्तित्वात आहेत का, हे तपासायला लावले आणि २०२४ चा वर उल्लेखलेला आदेश त्याच प्रकरणातून पुढे आला. आपल्याविरुद्धच्या तक्रारीची प्रत मिळणे, तिला उत्तर द्यायला दहा दिवस मिळणे आणि साक्षीदार मांडता येणे हा त्या वरिष्ठाचा हक्क आहे. तो पाळला गेला तर तक्रारदाराच्याच बाजूचा निकाल पुढे न्यायालयात टिकतो.

जाच लैंगिक नसेल तर

येथे वाट अवघड होते. सतत पाणउतारा करणे, गावावरून किंवा भाषेवरून हिणवणे, ठरावीक माणसालाच जड काम देणे यासाठी खासगी नोकरीत सर्वंकष असा एकच कायदा भारतात नाही. पुरुष कर्मचाऱ्यांना पॉश कायद्याचे संरक्षणही नाही. तरीही काही रस्ते आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनात तक्रार निवारण समिती असावी लागते. तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत तिच्याकडे अर्ज करता येतो. कामावरून काढून टाकले असेल तर प्रथम समेट अधिकाऱ्याकडे आणि पुढे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. वेतन संहितेने स्त्री-पुरुष भेदावरून कमी वेतन देण्यास आणि नोकरी देताना भेदभाव करण्यास मनाई केली आहे. राजीनामा दिला किंवा काढून टाकले, तर थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवे. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीचा लोकांदेखत जाणूनबुजून अपमान केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. जोयड्याच्या बाबतीत मात्र येथे एक विसंगती आहे. गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्यातील कुणब्यांचा कर्नाटकाच्या यादीत समावेश व्हावा, ही मागणी मात्र दीर्घकाळ प्रलंबित आहे. परिणामी एकाच हॉटेलात शेजारी-शेजारी काम करणाऱ्या दोन कुणबी कामगारांपैकी गोव्याच्या कामगाराला जे संरक्षण आहे, ते घाटावरून आलेल्याला नाही. सीमेने वेगळ्या केलेल्या एकाच समाजाला बसणारा हा फटका केवळ शिष्यवृत्तीपुरता नाही, हे यावरून लक्षात यावे.

राजीनाम्यापूर्वी

रागाच्या भरात दिलेला राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा लिहून घेतला जातो आणि पुढे तोच कागद विरोधात जातो. जाणे अटळ असेल तर राजीनाम्यात खरे कारण चार शब्दांत लिहावे व पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरी असावा.

सल्ल्यासाठी पैसे नसणे ही अडचण राहू नये, याचीही सोय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे आणि संकटातील महिलांसाठी १८१.

एवढ्या तरतुदी असूनही त्या जोयड्यातील वाड्यांपर्यंत पोहोचत नाहीत, ही उणीव नोकरदारांची नाही. समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक तालुका कार्यालयाच्या, ग्रामपंचायतींच्या आणि बसस्थानकांच्या फलकावर कन्नड आणि मराठीत लावणे, हे जिल्हा प्रशासनाचे एका दिवसाचे काम आहे. गोव्यातील मालकांनीही आपल्या समितीच्या सदस्यांची नावे कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला हवीत. साहेबाच्या केबिनवर त्याच्या नावाची पाटी असते. त्याच्याविरुद्ध तक्रार ऐकणाऱ्याच्या नावाची पाटीही त्याच भिंतीवर दिसली, तर घाट उतरून येणाऱ्या मुलीला विचारायला कुणाकडे जावे लागणार नाही.